महाविद्यालयाची निवड आणि क्रमवारीतील स्थान : एक चिकित्सा

प्रस्तावना

बारावीचा निकाल लागल्यानंतरचे काही आठवडे महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांच्या दृष्टीने निर्णायक असतात. कोणत्या शाखेला जावे, कोणत्या गावी राहावे, किती खर्च झेपेल, या प्रश्नांची उत्तरे अल्पावधीत शोधावी लागतात. पूर्वी हा निर्णय नातलग, शाळेतील शिक्षक आणि महाविद्यालयाचा परिसरातील लौकिक यांच्या आधारे होत असे. गेल्या दोन-तीन दशकांत त्यात क्रमवारीची भर पडली. साप्ताहिकांनी आणि वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केलेल्या याद्यांमागोमाग केंद्र शासनाची स्वतःची क्रमवारी आली आणि ‘देशात अमुक क्रमांकाचे महाविद्यालय’ हे शब्द माहितीपत्रकांवर व प्रवेशद्वारावरील फलकांवर झळकू लागले.

क्रमवारीची चर्चा आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात बहुधा संस्थेच्या बाजूने होते. आपले स्थान कसे सुधारावे, कोणत्या निकषात गुण कमी पडले, माहिती कशी भरावी, हे तिचे विषय असतात. प्रस्तुत लेखात या विषयाकडे विद्यार्थ्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला क्रमवारीतील स्थानावरून नेमके काय कळते, काय कळत नाही आणि ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांपुरते हे विवेचन मर्यादित आहे. त्यासाठी राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजेच एनआयआरएफ, हे प्रमुख उदाहरण घेतले आहे.

क्रमवारी कोणासाठी?

कोणत्याही मापनपद्धतीची चिकित्सा करताना ती कोणत्या हेतूने निर्माण झाली हे प्रथम पाहणे क्रमप्राप्त ठरते. अमेरिकेत ‘यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या नियतकालिकाने १९८३ मध्ये महाविद्यालयांची क्रमवारी सुरू केली. तिचा वाचक विद्यार्थी व पालक हा होता आणि नियतकालिकाचा खप हाही तिच्यामागचा एक विचार होता. २००३ मध्ये शांघाय जिआओ तोंग विद्यापीठाने जागतिक विद्यापीठांची क्रमवारी प्रसिद्ध केली. चीनमधील विद्यापीठे जगातील अग्रगण्य संशोधन विद्यापीठांच्या तुलनेत कोठे उभी आहेत, हे जाणून घेण्याची गरज तिच्या मुळाशी होती. म्हणूनच नोबेल पारितोषिके, शोधनिबंध आणि उद्धरणे यांवर तिचा भर राहिला. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात काय शिकविले जाते, हा तिचा विषयच नव्हता.

भारतात तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये एनआयआरएफचा आराखडा जाहीर केला आणि एप्रिल २०१६ मध्ये पहिली क्रमवारी प्रसिद्ध झाली. महाविद्यालयांचा स्वतंत्र गट २०१७ पासून आला. अध्यापन-अध्ययन व साधनसामग्री, संशोधन व व्यावसायिक कार्य, पदवीधरांची फलनिष्पत्ती, सर्वसमावेशकता आणि संस्थेविषयीची धारणा हे तिचे पाच प्रमुख निकष होत. विद्यापीठांच्या गटात या निकषांना अनुक्रमे ३०, ३०, २०, १० आणि १० टक्के भार दिला गेला. महाविद्यालयांच्या गटात पहिल्या निकषाचा भार ४० टक्के ठेवून संशोधनाचा भार कमी करण्यात आला. बहुसंख्य महाविद्यालयांचे प्रमुख कार्य अध्यापन हे आहे, याची ही रास्त दखल म्हणावी लागेल.

तथापि येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. शासनाला, निधी देणाऱ्या यंत्रणेला आणि व्यवस्थापनाला संस्थांची तुलना करावयाची असते. विद्यार्थ्याला मात्र स्वतःसाठी एक जागा निवडावयाची असते. पहिल्या कामासाठी बनविलेले माप दुसऱ्या कामाला तसेच्या तसे लावले, तर मोजणी बिनचूक असूनही निर्णय चुकू शकतो.

संस्थेचा क्रमांक आणि विषयाचा वर्ग

विद्यार्थी प्रत्यक्षात प्रवेश घेतो तो एका विषयाला, एका विभागात. एकाच महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभाग सुसज्ज प्रयोगशाळा व अनुभवी अध्यापकांमुळे नावाजलेला असतो, तर शेजारच्या इमारतीत तत्त्वज्ञानाचा किंवा भूगोलाचा विभाग एकाही पूर्णवेळ अध्यापकाविना तासिका तत्त्वावर चालत असतो. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत रिक्त पदांचा प्रश्न किती तीव्र आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. संस्थापातळीवरील विद्यार्थी-शिक्षक प्रमाण हे सर्व विभागांची सरासरी असल्याने असा रिकामा विभाग त्यात दिसेनासा होतो. भूगोल घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला सरासरीचा उपयोग नसतो. त्याला भूगोलाचा अध्यापक हवा असतो.

दुसरी अडचण क्रमांकाच्या स्वरूपातच आहे. पाच निकषांचे गुण एकत्र करून एक बेरीज काढली जाते आणि त्या बेरजेवरून क्रम लावला जातो. यादीच्या अगदी वरच्या टोकाला गुणांतील अंतरे ठळक असू शकतात. पण खाली जावे तसे लगतच्या संस्थांमधील अंतर अनेकदा गुणाच्या काही दशांशांवर येते. पन्नासाव्या आणि साठाव्या क्रमांकातील फरक वाचणाऱ्याला दहा पायऱ्यांचा वाटतो. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या अनुभवात मात्र तो जाणवेलच असे नाही. शंभरानंतरच्या महाविद्यालयांना स्वतंत्र क्रमांक न देता १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गट करण्याची पद्धत एनआयआरएफने स्वतःच स्वीकारली आहे. सूक्ष्म फरकांवरून क्रम लावणे एका मर्यादेपलीकडे अर्थपूर्ण राहत नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय. हाच तर्क शंभराच्या आतही लागू करता येईल.

तिसरी बाब व्याप्तीची. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील महाविद्यालयांची संख्या ४५,४७३ होती आणि महाराष्ट्रात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये होती. याउलट २०२३ च्या एनआयआरएफमध्ये महाविद्यालय गटात सहभागी झालेल्या संस्था सुमारे पावणेतीन हजार होत्या. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यासमोर जी तीन-चार महाविद्यालये खरोखर उपलब्ध असतात, त्यांपैकी बहुतेक या यादीत उतरलेलीच नसतात. यादीत नाव नसणे म्हणजे दर्जा नसणे, असा निष्कर्ष त्याने काढला तर तो निराधार ठरेल.

कालमर्यादेचा प्रश्न

प्रवेशाचे वेळापत्रक आणि क्रमवारीचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. महाराष्ट्रात बारावीचा निकाल २०२४ मध्ये २१ मे रोजी आणि २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला. एनआयआरएफची क्रमवारी मात्र त्या दोन वर्षी अनुक्रमे १२ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबर रोजी प्रसिद्ध झाली. पारंपरिक शाखांचे वर्ग तोवर सुरू झालेले असतात. त्यामुळे २०२५ च्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती असलेली यादी २०२४ ची होती. त्या यादीतील फलनिष्पत्तीची अद्ययावत आकडेवारी २०२२-२३ मध्ये पदवी घेतलेल्या तुकडीची होती. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची ती तुकडी २०२० मध्ये प्रवेशित झाली होती आणि तिच्या शिक्षणाचा मोठा काळ टाळेबंदीत गेला होता. दरम्यान राज्यात नवीन शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची रचनाच बदलली. अशा स्थितीत पाच वर्षांपूर्वी आत आलेल्या तुकडीचे चित्र पाहून पुढील तीन-चार वर्षांचा निर्णय घेतला जातो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

भारांकनामागील मूल्ये

कोणत्या निकषाला किती भार द्यावा, हा निर्णय गणिताचा नसून मूल्यांचा असतो. सर्वसमावेशकता या निकषाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील एका उपनिकषानुसार परराज्यांतून व परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण मिळतात. दिल्लीतील महाविद्यालयांना संपूर्ण देशातून विद्यार्थी येतात. २०१७ ते २०२३ सलग प्रथम राहिलेले मिरांडा हाऊस असो वा २०२४ व २०२५ मध्ये प्रथम आलेले हिंदू महाविद्यालय असो, या संस्थांचा दर्जा वादातीत आहे. परंतु देशाच्या राजधानीत असण्याचा स्वाभाविक लाभही त्यांना या उपनिकषात मिळतो.

याच्या तुलनेत महाराष्ट्राची परंपरा पाहावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली ती खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत शिक्षण नेण्यासाठी. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे नाव ‘कमवा आणि शिका’ या योजनेशी कायमचे जोडले गेले आहे. ज्या महाविद्यालयाचे जीवितकार्यच आपल्या पंचक्रोशीतील मुलामुलींना शिकविणे हे आहे, त्याच्याकडे परराज्यातील विद्यार्थी येणार कोठून? आर्थिक व सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थी, विद्यार्थिनी आणि दिव्यांग यांच्यासाठी याच निकषात स्वतंत्र गुण आहेत, हे निःपक्षपातीपणे नमूद केले पाहिजे. तरीही घरातील पहिल्याच पिढीचा विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचविणे आणि सुशिक्षित घरातील, नव्वद टक्के गुण मिळविलेला विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचविणे, या दोन कार्यांतील अध्यापकीय श्रमाचा फरक कोणत्याही रकान्यात उतरत नाही. विद्यार्थी आला तेव्हा कोठे होता आणि गेला तेव्हा कोठे पोहोचला, या दोहोंमधील अंतर ही शिक्षणाची खरी कमाई. क्रमवारी प्रामुख्याने मुक्काम पाहते, प्रवास पाहत नाही.

संशोधनाच्या निकषाबाबतही असेच म्हणता येईल. शोधनिबंधांची मोजणी स्कोपस व वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींच्या आधारे होते. मराठीतून लिहिलेले वाङ्मयीन, ऐतिहासिक वा समाजशास्त्रीय संशोधन या सूचींच्या बहुतांशी बाहेरच राहते. एखाद्या मराठी विभागातील अध्यापकाने बोलीभाषेवर वर्षानुवर्षे काम केले, तरी क्रमांकाच्या दृष्टीने ते जवळजवळ अदृश्य ठरते. धारणा हा निकष तर सर्वेक्षणावर आधारित आहे. ज्या संस्थेचे नाव आधीच परिचित आहे तिला त्यात अनुकूल मत मिळण्याचा संभव अधिक, आणि क्रमांक वर गेला की नाव आणखी परिचित होते. लौकिकातून क्रमांक आणि क्रमांकातून पुन्हा लौकिक, असे हे वर्तुळ आहे.

आकडा हेच उद्दिष्ट झाले की

एखादे माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप उरत नाही, हा सामाजिक शास्त्रांतील परिचित सिद्धांत क्रमवारीच्या क्षेत्रात पुनःपुन्हा प्रत्ययास आला आहे. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठ यू.एस. न्यूजच्या यादीत दुसऱ्या स्थानी होते. त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ च्या प्रारंभी विद्यापीठाने पुरविलेल्या आकडेवारीची तपासणी करून तिच्यातील विसंगती दाखवून दिल्या. वर्गांचे आकारमान व अध्यापकांची अर्हता यांविषयीची माहिती सदोष होती, हे विद्यापीठाला त्या वर्षी मान्य करावे लागले आणि सप्टेंबरच्या यादीत ते अठराव्या स्थानी गेले. फिलाडेल्फिया येथील टेम्पल विद्यापीठाच्या व्यवसाय व्यवस्थापन विद्यालयाने खोटी माहिती पुरवून आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रथम क्रमांक मिळविल्याचे प्रकरण याहून गंभीर होते. तेथील माजी अधिष्ठात्यांना २०२२ मध्ये १४ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

एनआयआरएफची माहितीही मुख्यत्वे संस्थांनी स्वतः भरलेली असते. मागे घेतल्या गेलेल्या शोधनिबंधांसाठी २०२५ च्या क्रमवारीत ऋण गुणांची तरतूद प्रथमच करण्यात आली. संख्येच्या मोहातून निकृष्ट संशोधन वाढत असल्याची दखल यंत्रणेनेच घेतली, हे स्वागतार्ह आहे. परंतु अशी तरतूद करावी लागली, यातच दुखण्याचे स्वरूप स्पष्ट होते. कोलंबियाच्या उदाहरणातून आपल्यासारख्यांनी घ्यावयाचा बोध असा, की ती चूक उघडकीस आणणारी व्यक्ती बाहेरची नव्हती. ती त्याच संस्थेतील अध्यापक होती.

क्रमवारी सर्वस्वी निरुपयोगी आहे काय?

वरील विवेचनावरून क्रमवारीला तिलांजली द्यावी, असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. क्रमवारीपूर्वीचा काळ निर्दोष नव्हता. तेव्हा लौकिक हा शहरी, सुशिक्षित वर्तुळांत फिरत असे आणि ज्याच्या ओळखी नाहीत त्याला तो कळतही नसे. उघड निकष व जाहीर आकडे ही त्या बंदिस्त लौकिकाच्या तुलनेत लोकशाही स्वरूपाची गोष्ट आहे.

निवडीचे महत्त्व कोणाला किती, याबाबत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन लक्षणीय आहे. सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळूनही काहींनी अधिक निवडक, तर काहींनी कमी निवडक महाविद्यालय स्वीकारले. अशा विद्यार्थ्यांच्या पुढील मिळकतीची तुलना त्यांनी केली. सर्वसाधारणपणे दोहोंच्या मिळकतीत फारसा फरक आढळला नाही. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना मात्र अधिक निवडक महाविद्यालयाचा लाभ झालेला दिसला. हा अभ्यास अमेरिकेतील असल्याने त्याचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु त्यातून सूचित होणारा विचार आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. ज्याच्या घरी पुस्तके, ओळखी आणि पैसा आहे तो बहुधा कोठेही तरून जातो. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही त्याच्यासाठी महाविद्यालयाची निवड हीच मोठी संधी असते. नेमक्या याच विद्यार्थ्याला सल्ला देणारे घरात कोणी नसते, आणि म्हणून फलकावरील क्रमांकावर तोच सर्वाधिक विसंबतो.

मग पर्याय काय? जर्मनीतील सीएचई या संस्थेने १९९८ पासून चालविलेली पद्धत येथे विचारात घेण्याजोगी आहे. ती संस्थांऐवजी विषयांची तुलना करते, निरनिराळ्या निकषांची एकच बेरीज करीत नाही, विद्यार्थ्यांची मते विचारात घेते आणि क्रमांकाऐवजी वरचा, मधला व खालचा असे गट दाखविते. कोणता निकष आपल्याला महत्त्वाचा, हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

क्रमांकामागील तक्ता

आपल्याकडे अशी पद्धत येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एनआयआरएफमध्ये सहभागी होणाऱ्या संस्थेने भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाची असते. क्रमांकाची जाहिरात सर्वत्र होते आणि हा तक्ता एखाद्या कोपऱ्यात पडून राहतो. वास्तविक विद्यार्थ्याच्या उपयोगाचे तेच आहे. त्यात पहिल्या वर्षी किती विद्यार्थी प्रवेशित झाले, विहित कालावधीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, त्यांचे मध्यक वेतन किती आणि किती जण उच्च शिक्षणाकडे वळले, हे आकडे असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयात ४०० विद्यार्थी प्रवेशित झाले, त्यांपैकी २०० विहित कालावधीत पदवीधर झाले, ६० जणांना नोकरी लागली आणि ५० जण पुढे शिकू लागले. माहितीपत्रकात बहुधा नोकरी लागलेल्या ६० जणांचे वेतन ठळकपणे छापले जाईल. तक्ता वाचणाऱ्याला मात्र दिसेल, की निम्मे विद्यार्थी वेळेत पदवीपर्यंत पोहोचलेच नाहीत आणि पदवीधरांपैकी ९० जणांचे पुढे काय झाले याची नोंद नाही. असा तक्ता वाचावयास बारावीपर्यंतचे अंकगणित पुरेसे आहे. फक्त तो वाचावयाचा असतो, हे कोणीतरी सांगावे लागते.

अर्थात हा तक्ताही संपूर्ण पदवी अभ्यासक्रमांचा एकत्रित असतो आणि विषयनिहाय चित्र त्यात सापडत नाही. ती उणीव महाविद्यालयांनीच भरून काढावयास हवी. प्रत्येक विभागाने दरवर्षी एका पानाचे निवेदन प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करावे, असे येथे सुचवावेसे वाटते. त्यात मंजूर पदे व भरलेली पदे, तासिका तत्त्वावरील अध्यापकांची संख्या, मागील तीन तुकड्यांतील प्रवेशित व उत्तीर्ण विद्यार्थी, प्रयोगशाळा व ग्रंथालयाची स्थिती, सर्व शुल्कांसह तीन वर्षांचा एकूण खर्च, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील जागा एवढी माहिती असावी. आपल्या गावाहून महाविद्यालयाच्या वेळेत एस.टी. पोहोचते की नाही, हाही अनेक मुलींच्या शिक्षणाचा निर्णायक प्रश्न असतो आणि कोणतीही राष्ट्रीय क्रमवारी त्याचे उत्तर देऊ शकत नाही. परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन अध्यापकांनी हे निवेदन आणि तक्ता समजावून दिला, तर प्रवेशाच्या प्रचारफेऱ्यांपेक्षा ते अधिक मोलाचे कार्य ठरेल.

असे निवेदन देणे अवघड आहे, याची जाणीव ठेवलीच पाहिजे. विद्यार्थीसंख्या घटली तर कार्यभार घटतो आणि कार्यभार घटला तर पदे धोक्यात येतात. रिक्त पदांची कबुली देणारा विभाग विद्यार्थी गमावण्याची भीती बाळगणारच. परंतु रिक्त पदे लपविल्याने ती भरली जात नाहीत. विभागनिहाय आकडे विद्यार्थी व पालकांसमोर आले, तर पदभरतीच्या मागणीमागे अध्यापक संघटनांबरोबर समाजही उभा राहू शकेल.

समारोप

क्रमवारी ही शासनाला व संस्थांना आरसा दाखविणारी एक व्यवस्था म्हणून उपयुक्त आहे. विद्यार्थ्याच्या निवडीचे साधन म्हणून ती अपुरी आहे. संस्थेची सरासरी, मागील तुकड्यांचे आकडे आणि इतरांनी ठरविलेले भार यांच्या बेरजेतून आलेला क्रमांक, एका विशिष्ट विद्यार्थ्याला एका विशिष्ट विषयासाठी कोणते महाविद्यालय योग्य, हे सांगू शकत नाही. त्या क्रमांकामागील माहिती मात्र, ती विषयनिहाय, प्रामाणिक व वेळेवर मिळाल्यास, त्याला पुष्कळ काही सांगू शकते. ती माहिती आपल्या विभागांतच असते. ती बारावीच्या विद्यार्थ्यापर्यंत प्रवेशापूर्वी पोहोचविणे हे अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही नव्या शासननिर्णयाची प्रतीक्षा करण्याची आवश्यकता नाही.